बुचाच्या काजळीपासून हुडीच्या टोपीपर्यंत

आमच्या खात्यात बदलीवर एक पोरगा लागलाय. असेल एकोणीस-वीसचा. वस्तीतलाच, आपल्यातलाच. परवा रात्रपाळीला तो काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर एका काळ्या माणसाचं चित्र. डोक्याला रुमाल, रुमालाची गाठ पुढं कपाळावर, नजर सरळ अंगावर येणारी. चहाच्या सुट्टीत मी विचारलं, "हा कोण रे?"

"रॅपर हाय दादा. अमेरिकेचा. टुपॅक. गोळ्या घालून मारला त्याला."

"अजून काय ठाऊक?"

"अजून काय? स्टाईल बघा की."

मी म्हटलं, "ह्याची आई ब्लॅक पँथर होती. तुझा आजा ज्या पँथरच्या मोर्च्यात फिरला, त्या पँथरचं नाव हिच्या पक्षावरनं घेतलेलं."

पोरगा माझ्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून स्वतःच्या छातीकडं बघितलं. तेवढ्यात भोंगा झाला आणि आम्ही आपापल्या मशीनवर गेलो.

त्या रात्री सूत तुटत होतं, मी जोडत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चित्र आपल्या वस्तीपर्यंत आलं. चित्रामागचा इतिहास मधल्या मधे कुणीतरी उतरवून घेतला. कुणी? कधी? मी काही कॉलेजात इतिहास शिकलेलो नाही. वाचनालयातनं, जुन्या बाजारातनं, मित्रांच्या पिशवीतनं जे मिळालं ते वाचलं. त्यातनं जे हाती लागलं ते मित्रांनो, तुमच्यापुढं ठेवतो.

एखाद्या पोराला तू कोण आहेस हे कोण सांगतं? आईबाप सांगतात, वस्ती सांगते, शाळा सांगते. पण नाटक, सिनेमा, गाणं, जाहिरात, वर्तमानपत्र हेही सांगतात, आणि ते रोज सांगतात. अमेरिकेतल्या काळ्या तरुणाला हे सगळे मिळून जवळजवळ दोनशे वर्षं सांगत आलेत. त्या सांगण्याचा हा हिशेब.

काजळी

१८३० च्या आसपास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट जळालेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून रंगमंचावर नाचू लागला. फाटके कपडे, वाकडी चाल, मोडकीतोडकी भाषा. पात्राचं नाव जिम क्रो. लोकांनी थिएटरं डोक्यावर घेतली. मग तशाच कंपन्या गावोगाव हिंडायला लागल्या. 'मिन्स्ट्रेल शो' म्हणतात ते हेच. त्यात काळ्या पुरुषाची ठरलेली सोंगं असत. एक मळ्यावरचा गुलाम: आळशी, खुळा, कापसाच्या शेतात मजेत नाचणारा. दुसरा शहरातला स्वतंत्र काळा: चांगला कोट घालून मोठे मोठे शब्द चुकीचे बोलणारा. म्हणजे गुलाम राहिला तर सुखी आणि माणूस व्हायला गेला तर हास्यास्पद. मी रोज कापसाच्या धुळीत उभा असतो. कापूस हाताळणारा किती मजेत असतो हे मला त्या नटांनी सांगायची गरज नाही.

पुढं दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्यांना गाडीत वेगळं बसवणारे, शाळेत वेगळं शिकवणारे कायदे केले. त्या सगळ्या कायद्यांना मिळून नाव पडलं 'जिम क्रो'. विदूषकाचं नाव कायद्याला! आधी ज्याच्यावर पोट धरून हसले, त्यालाच मग दाराबाहेर उभं केलं. हा क्रम ध्यानात ठेवा. हसणं ही त्यातली पहिली पायरी होती.

ह्याहून जीवघेणी गोष्ट पुढं आहे. काळ्या नटाला रंगमंचावर उभं राहायचं असेल तर त्यालाही काजळी फासावी लागे. बर्ट विल्यम्स हा त्या काळातला मोठा विनोदी नट. १९१० पासून न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड फॉलीज ह्या नामांकित खेळात तो काम करायचा. रंगानं उजळ होता. गोऱ्यांनी रंगवलेल्या 'काळ्या'सारखं दिसण्यासाठी ह्या खऱ्या काळ्याला रोज तोंड रंगवावं लागलं. दुसऱ्यानं काढलेलं आपलं चित्र आपणच तोंडावर चढवायचं, तरच भाकरी.

दोन फिल्मा

आता दोन फिल्मा शेजारी शेजारी ठेवून बघा.

१९०८ साली जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्यांना ते सोसवेना. निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला त्यांनी पुन्हा रिंगणात उतरवलं. ४ जुलै १९१० रोजी रेनो शहरात जॉन्सननं त्यालाही लोळवलं. त्या रात्री अनेक शहरांत गोऱ्यांचे जमाव काळ्यांवर तुटून पडले, माणसं मेली. आणि त्या लढतीची फिल्म? शहरांमागून शहरांनी तिच्यावर बंदी घातली. १९१२ साली अमेरिकन संसदेनं मुष्टियुद्धाच्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला मनाई करणारा कायदाच केला. १९१३ साली, गोऱ्या बाईला राज्याबाहेर नेलं ह्या आरोपाखाली जॉन्सनला दोषी ठरवलं. त्याबद्दल त्याला माफी मिळाली २०१८ साली, मरून जवळजवळ ७२ वर्षं झाल्यावर.

दुसरी फिल्म १९१५ ची, ग्रिफिथची 'बर्थ ऑफ अ नेशन'. तिच्यात एक काळा पुरुष गोऱ्या पोरीच्या मागं लागतो, पोरगी कड्यावरून उडी टाकते, आणि पांढऱ्या झग्यातले क्लू क्लक्स क्लॅनवाले त्याला मारून 'न्याय' करतात. तो काळा पुरुषही तोंड रंगवलेला गोरा नटच होता. ही फिल्म राष्ट्राध्यक्षाच्या व्हाइट हाउसमध्ये दाखवली गेली. विझून गेलेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. जुनी क्लॅन क्रूस जाळत नव्हती. ती खूण नव्या क्लॅननं कादंबरी-सिनेमातनं उचलली. पुढं कित्येक वर्षं माणसं भरती करायला क्लॅन हीच फिल्म दाखवीत राहिली.

१९०९ साली स्थापन झालेली काळ्यांची संघटना एनएएसीपी ह्या फिल्मविरुद्ध रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली. १९१५ च्या मार्चमध्ये ती न्यूयॉर्कात लागली तेव्हा त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, आपले बाबासाहेब शिकत होते.

काळा पुरुष जिंकताना दिसतो ती फिल्म गुन्हा, आणि काळा पुरुष जनावर म्हणून दिसतो ती फिल्म राष्ट्राध्यक्षाच्या घरी. करमणूक म्हणजे टाइमपास असं जे म्हणतात त्यांना हे दोन खेळ सांगा.

आतली काजळी

बाहेरची काजळी साबणानं निघते. आत गेलेली कशी काढायची?

१९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या काळ्या नवरा-बायकोनं एक प्रयोग केला. दोघंही मानसशास्त्रज्ञ. लहान लहान काळ्या पोरांपुढं दोन बाहुल्या ठेवल्या, एक गोरी, एक सावळी. बाकी सगळं सारखं. विचारलं, चांगली कुठली? बऱ्याच पोरांनी गोरीकडं बोट केलं. वाईट कुठली? सावळी. मग विचारलं, तुझ्यासारखी कुठली? काही पोरं तिथं रडायला लागली. शाळांमधली विभागणी बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ साली आला, तेव्हा त्याच्या तळटीपेत क्लार्क ह्यांचा दाखला आहे.

त्याच दशकात बॉस्टनमध्ये एक उंच पोरगा आपले केस सरळ करून घेत होता. कॉस्टिक, अंडी, बटाटे ह्यांचा लगदा डोक्याला थापायचा आणि टाळू भाजेपर्यंत सोसायचं. कशासाठी? गोऱ्यांसारखे सरळ केस दिसावेत म्हणून. त्या वेळच्या काळ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत तीच फॅशन होती. हा पोरगा म्हणजे पुढचा माल्कम एक्स. १९६५ साली त्याचा खून झाला आणि त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र निघालं. त्यात त्यानं ह्या केसांबद्दल लाज वाटून लिहिलंय. स्वतःला कमी लेखण्याची आपली पहिली मोठी पायरी तीच होती, अशा अर्थाचं. एवढा मोठा माणूस स्वतःच्या केसांचा हिशेब देतो, कारण गुलामी कुठून आत शिरते हे त्यानं टाळूवर सोसलेलं होतं.

चित्र आपल्या हातात

१९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या पोराला दोन गोऱ्यांनी उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि नदीत टाकलं. गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणे. शिकागोत प्रेत आल्यावर आईनं, मेमी टिलनं, पेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचं काय केलंय ते जगाला बघू दे, हा तिचा निर्धार. 'जेट' ह्या काळ्यांच्या साप्ताहिकानं तो फोटो छापला. गोऱ्या ज्युरीनं मारेकऱ्यांना सोडून दिलं, पण फोटो सुटला नाही. तो घराघरांत गेला. टिलच्याच वयाची काळी पोरं तो बघून मोठी झाली.

त्यांतलाच एक लुइव्हिलचा कॅशियस क्ले. १९६४ साली तो जगज्जेता झाला आणि त्यानं जाहीर केलं की हे गुलामीचं नाव मला नको. महंमद अली झाला. धर्म बदलला, नाव बदललं. ह्याचा अर्थ १९५६ नंतर जन्मलेल्या आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९६७ साली व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात जायला त्यानं नकार दिला. किताब काढून घेतला, ऐन तारुण्यातली तीन वर्षं त्याला रिंगणाबाहेर ठेवलं. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकच्या पायरीवर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस ह्यांनी काळे हातमोजे घालून मुठी वर केल्या. त्याच वर्षी जेम्स ब्राउननं काळं असण्याच्या अभिमानाचं गाणं काढलं, त्यात लहान पोरांकडून साथीला घोषणा म्हणवून घेतली. सरळ केलेले केस मागं पडले. कुरळे केस मोकळे, गोल, डोक्यावर मुकुटासारखे वाढू लागले.

आणि पँथर. हे चिन्ह आलं कुठून? अलाबामातला लाउंड्स जिल्हा. लोकसंख्येत काळे सुमारे ८० टक्के, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत एकही काळा नाही. तिथं काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला. निवडणुकीला चिन्ह लागतं. तिथल्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. काळ्यांनी त्यासमोर काळा पँथर उभा केला. ते चिन्ह १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्यांनी उचललं आणि ब्लॅक पँथर पक्ष उभा केला. न्यूटन तेव्हा चोवीस वर्षांचा.

काळं चामडी जॅकेट, निळा सदरा, काळी बेरेट टोपी, हातात बंदूक. चित्राची ताकद ह्या पोरांना कळलेली होती. पण जॅकेटाच्या खिशात दहा कलमांचा कार्यक्रम होता. १९६७ च्या एप्रिलमध्ये डेन्झिल डॉवेल ह्या काळ्या तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. वर्तमानपत्रं गप्प. तेव्हा पँथरनी आपलं वर्तमानपत्र काढलं. त्याचा पहिला अंक चार पानांचा, सायक्लोस्टाइल केलेला, टाचणी मारलेला. तुमच्या हातात हा अंक आहे ना, तसाच. पुढं एमरी डग्लस ह्या चित्रकारानं त्यात गरीब काळ्या आईबापांची, पोरांची चित्रं काढली, आणि वस्तीतल्या माणसांनी ती भिंतीवर लावली. १९६९ पासून पँथर पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी वाढू लागले. दवाखाने काढले.

ते चित्र समुद्र ओलांडून आलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली. नाव घेतलं ते जॅकेटासाठी नव्हे. अंगावर येणाऱ्याला उत्तर द्यायचं, ह्या जाणिवेसाठी घेतलं.

कपडा राहिला, कार्यक्रम गेला

अमेरिकन सरकारनं पँथर चिरडले. गुप्त पोलिसांनी खबरे पेरले, नेत्यांत भांडणं लावली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यातच गोळ्या घातल्या. वय २१. घराचा नकाशा एका खबऱ्यानं पुरवलेला. बाकीचे तुरुंगात, परागंदा, कोर्टात.

पोरं मेली, पण त्यांच्या ऐटीला बाजारात किंमत आली होती. १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स ह्या काळ्या दिग्दर्शकानं स्वतःच्या हिमतीवर एक सिनेमा काढला. त्यातला काळा नायक गोऱ्या पोलिसांना बडवतो आणि शेवटी जिवंत सुटतो. असं पूर्वी पडद्यावर होत नसे. ह्यूई न्यूटननं पक्षाच्या वर्तमानपत्रात लांबलचक लिहून तो वाखाणला. सिनेमानं बक्कळ पैसा केला. मोठ्या कंपन्यांनी तो पैसा बघितला. त्याच वर्षी 'शाफ्ट' आला, आणि १९७२ साली 'सुपर फ्लाय'. त्याचा नायक कोकेन विकणारा. लांब कोट, लांब गाडी. एका प्रसंगात चळवळीतले काळे तरुण त्याच्याकडं पैसे मागायला येतात आणि तो त्यांना धुडकावून लावतो. कार्यकर्ता लाचार आणि गर्दवाला मर्द! जॅकेट तेच, ऐट तीच, आतला माणूस बदललेला. काळ्यांच्या संघटनांनीच १९७२ साली लॉस एंजेलिसात ह्या सिनेमांविरुद्ध आघाडी उभी केली.

मी त्या सिनेमांना नुसत्या शिव्या घालणार नाही. ज्यांनी आजवर पडद्यावर आपला माणूस नोकर नाही तर विदूषक म्हणूनच बघितला, त्यांना पडद्यावर काळा माणूस जिंकताना बघून थिएटरात शिट्ट्या माराव्याशा वाटल्या, त्यात चूक काय? भूक खरी होती. त्या भुकेला कंपनीनं काय वाढलं ते बघा, एवढंच माझं म्हणणं.

आणि हेही लपवून चालणार नाही, की पँथरचा संस्थापक ह्यूई न्यूटन शेवटी नशेत अडकला आणि १९८९ साली ओकलंडच्याच रस्त्यावर एका गर्द विकणाऱ्याच्या गोळीनं मेला. सिनेमातला नायक रस्त्यावर आला होता.

दोन तबकड्या

इकडं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात मोठा हमरस्ता वस्त्यांच्या पोटातनं काढला होता. हजारो घरं पाडली. कारखाने गेले, इमारती जळत राहिल्या. तिथं ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल ह्या पोरीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. पोरींना २५ सेंट, पोरांना ५०. तिचा अठरा वर्षांचा भाऊ, डीजे कूल हर्क, जमैकातनं आलेला. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा वाजला की पोरं पेटून नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून तो तोच तुकडा लांबवीत गेला. वाद्यं विकत घ्यायला पैसा नाही, तर ऐकायच्या यंत्राचंच वाद्य केलं. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि साथीदारांनी फुटक्या काचांच्या, उंदरांच्या त्या वस्तीचं गाणं काढलं तेव्हा वस्ती पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं जगाशी बोलली. आपल्या शाहिरांनी जलशातनं जे केलं, त्याच जातीचं हे काम.

मग पुन्हा तीच कथा. पोरांच्या हातचं गाणं कंपन्यांच्या हातात गेलं. १९८८ मध्ये कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए ह्या गटानं पोलिसांच्या मारझोडीवर गाणं काढलं, तर १९८९ साली गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यानं कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. १९९१ पासून रेकॉर्डची विक्री दुकानातल्या यंत्रावर मोजायला लागले. तेव्हा एनडब्ल्यूएची रेकॉर्ड देशात पहिल्या नंबरावर चढली. विकत घेणाऱ्यांत गोऱ्या उपनगरांतली पोरंही भरपूर. बाजाराला हिशेब कळला, की काळ्या पोराचा राग विकतो, आणि बंदूक त्याहून जास्त विकते. जो वस्तीचं दुःख गाईल त्याच्यापेक्षा जो वस्तीचा गुंड बनून गाईल त्याला आगाऊ रक्कम मोठी. आणि त्या मर्दानगीत काळ्या बाईला शिवी आली. ज्या पँथर पक्षाची प्रमुख १९७४ ते १९७७ इलेन ब्राउन ही बाई होती, त्याच समाजाच्या गाण्यात बाई म्हणजे माल झाली. हा विद्रोह नव्हे. मालकानं दिलेला जुना सोटा आपल्याच घरात फिरवणं आहे.

आता टुपॅक. त्याची आई अफेनी शकूर न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांवरच्या खटल्यात आरोपी होती. पोटुशी असताना तिनं कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि १९७१ च्या मे महिन्यात निर्दोष सुटली. जूनमध्ये टुपॅक जन्मला. पण चळवळ मोडली होती. आईच नशेत सापडली, घर गरिबीत. १९८६ च्या कायद्यानं गरिबांच्या वस्तीतलं ५ ग्रॅम क्रॅक आणि श्रीमंतांचं ५०० ग्रॅम कोकेन ह्यांना सारखीच पाच वर्षांची सजा ठरवली. तुरुंग काळ्या तरुणांनी भरले. ह्या सगळ्यातनं टुपॅक उठला. त्याच्या गाण्यात पँथरही आहे आणि गुंडही. आईवरचं त्याचं गाणं २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जपून ठेवण्याच्या यादीत घेतलं. आणि एका बाईवरच्या अत्याचाराबद्दल त्याला तुरुंगही झाला. दोन्ही खरं. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये लास व्हेगासला गोळ्या लागून तो मेला, वय २५. सहा महिन्यांत त्याचा प्रतिस्पर्धी बिगीही तसाच मेला, वय २४. टुपॅकच्या जिवंतपणी निघाल्या त्याहून जास्त ध्वनिमुद्रिका मेल्यावर निघाल्या. कंपनीला मेलेला काळा पोरगाही चालतो.

टोपी

हे चित्र पोराच्या छातीवर राहत नाही. ते बघणाऱ्याच्या डोळ्यात जातं, आणि तिथनं पोलिसाच्या बोटात.

१९८९ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका बाईवर अत्याचार झाला. चौदा ते सोळा वर्षांची पाच पोरं, चार काळी, एक लॅटिनो, पकडली. वर्तमानपत्रांनी त्यांना लांडग्यांचा कळप म्हटलं. पोरांना सजा झाली. २००२ साली खरा गुन्हेगार कबूल झाला आणि सजा रद्द झाली. तोवर त्यांची उमर तुरुंगात गेलेली. १९९५ साली एका प्राध्यापकानं अशा पोरांसाठी 'महाशिकारी' अशा अर्थाचा नवा शब्द काढला, म्हणाला आता ह्यांची लाट येणार. लाट आली नाही, उलट गुन्हे कमी झाले. पण शब्द पोरांना चिकटला.

२६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा पोरगा दुकानातनं गोळ्या-बिस्किटासारखा खाऊ आणि थंड पेय घेऊन परतत होता. पाऊस होता. हुडीची टोपी डोक्यावर. पहारा देणाऱ्या एकाला तो संशयित वाटला. त्यानं गोळी घातली. २०१३ साली ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. टीव्हीवरचा एक जण म्हणाला होता, की मारणाऱ्याइतकीच ती हुडीही जबाबदार. पुढं त्यानं माफी मागितली. पण बघा, बुचाची काजळी गेली आणि कापडाची टोपी आली. गोऱ्या पोरानं घातली तर थंडीचा कपडा, काळ्या पोरानं घातली तर गुन्ह्याचा पुरावा. गाण्यांचंही तेच. काळ्या रॅपरच्या ओळी कोर्टात कबुलीजबाब म्हणून वाचल्या गेल्या. अखेर २०२२ साली कॅलिफोर्नियाला त्यावर लगाम घालणारा कायदा करावा लागला. मी कविता लिहितो. माझी प्रत्येक ओळ पोलिसानं शब्दशः वाचली तर मी कुठं असेन, ह्याचा विचार करून अंगावर काटा येतो.

ट्रेव्हॉन गेल्यावर महिनाभरात, २८ मार्च २०१२ रोजी, अमेरिकन संसदेत शिकागोचा एक म्हातारा खासदार बोलायला उभा राहिला. बोलता बोलता त्यानं कोट काढला. आत हुडी. त्यानं टोपी डोक्यावर ओढली. सभागृहात टोपी चालत नाही म्हणून त्याला बाहेर नेण्यात आलं. त्याचं नाव बॉबी रश. १९६८ साली फ्रेड हॅम्प्टनबरोबर इलिनॉयचा ब्लॅक पँथर उभा करणाऱ्यांतला तो. तरुणपणी काळी बेरेट, म्हातारपणी हुडी. त्याच्या डोक्यावर ती टोपी फॅशन नव्हती, कारण तिच्या खाली कार्यक्रम शिल्लक होता.

आपल्यासाठी

२०१८ साली 'ब्लॅक पँथर' नावाच्या सिनेमानं जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त कमावले. काळी पोरं राजासारखा काळा नायक बघून खूश झाली, व्हावंच. आपल्या पोरांनीही तो बघितला. पण पँथर म्हटल्यावर त्यांना सिनेमा आठवतो; ओकलंड आठवत नाही, मुंबईचं १९७२ ही आठवत नाही.

मित्रांनो, आपल्या जयंतीला डीजे लागतो, गाडीवर निळा झेंडा लागतो, पोरांच्या दंडावर बाबासाहेबांची सही गोंदलेली असते. मला त्याचा राग येत नाही. ज्या पोरांच्या आज्याला मान वर करून चालता येत नव्हतं ती छाती काढून चालतात, हे कमी नाही. पण बाजाराला आपला झेंडाही कापड म्हणूनच दिसतो. मीटरवर विकतो. त्यामागचा अभ्यासवर्ग, वसतिगृह, युनियन, वाचनालय हे विकता येत नाही, म्हणून बाजार ते मधल्या मधे उतरवून घेतो. अमेरिकेतल्या पोरांचं तेच झालं. तिथं पक्ष मोडायला बंदूक लागली. आपल्याकडं आपणच विसरलो तर बंदुकीचीही गरज नाही.

म्हणून पोराला टी-शर्ट काढ म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, हा कोण?

काल तो पोरगा पुन्हा तोच टी-शर्ट घालून आला. धुतलेला. चहाच्या सुट्टीत स्वतःच माझ्याकडं सरकला. म्हणाला, "दादा, ती दहा कलमं कोणती होती?"

बॉबिनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि आठवेल तशी लिहून दिली. काम. घर. पोलिसांची मारझोड बंद. पुठ्ठा उलटसुलट करून तो पाचव्या कलमावर थांबला. ते होतं शिक्षणाचं, आपला खरा इतिहास शिकवणाऱ्या शिक्षणाचं.

भोंगा झाला. पुठ्ठा त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

जय भीम.